तबकडी जुनी, माल नकली

एल्विस प्रिस्लेच्या 'सन' कंपनीने मेम्फिसहून १९५४-५५ मध्ये काढलेल्या तबकड्या पाचच. नोव्हेंबर १९५५ मध्ये आरसीएने ३५ हजार डॉलर मोजून करार घेतला आणि तीच गाणी आपल्या लेबलवर पुन्हा काढली. गाणे तेच, तरी शौकीन भाव देतात पिवळ्या 'सन' लेबलला. म्हणून नकली मालही निघाला.

आम्ही कापडवाले. ताग्यात डाग असेल तर गिऱ्हाईकाला आधी दाखवतो. ऐब लपवून विकणे नाजायज. नक्कल जरूर विका, पण नक्कल म्हणून! मेम्फिसमध्ये बनलेल्या अस्सल ४५ आरपीएम तबकडीच्या लेबलवर तीन गोल दाबखुणा असतात. कान नव्हे, भिंग लावा. पावतीवर 'अस्सल' लिहून मागा. विक्रेता कां-कूं करू लागला तर आम्ही तरी पैसे खिशातच ठेवू.