कमवायला आलोय, फिरायला नाही!

हे वाक्य मी दुबईत पहिल्यांदा ऐकले ते पोहोचल्यानंतर तिसऱ्याच दिवशी. तिथल्या एका भारतीय शाळेत उर्दू शिकवायची नोकरी मिळाली होती. सुट्टीच्या दिवशी जवळपास काय बघण्यासारखे आहे, असे मी खोलीतल्या सोबत्यांना विचारले. सगळे रत्नागिरी-रायगडकडचे. त्यातले वयाने मोठे असलेले म्हणाले, "सर, आपण इथे कमवायला आलोय, फिरायला नाही." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. पुढचे सहा महिने मी शाळा, बस, खोली आणि मशीद एवढेच पाहिले.

आज मला ती मान डोलावल्याची लाज वाटते. या वाक्याला आपल्या समाजात शहाणपण समजले जाते, ते शहाणपण नाही. आपण मजूर आहोत आणि मजुराला डोळे नसतात, हे आपणच मान्य करून टाकणे आहे.

माझे मामू देरा भागात बावीस वर्षे एका दुकानात होते. गावी परतल्यावर आम्ही पोरे विचारायचो, मामू, दुबई कशी आहे? ते म्हणायचे, "उंच उंच इमारती, आणि गरमी." त्यांची खोली खाडीपासून पंधरा मिनिटांवर होती, हे मला तिथे गेल्यावर कळले. बावीस वर्षांत ते पलीकडच्या काठावर फक्त कागदपत्रांच्या कामासाठी गेले होते. त्यांनी घर बांधले, दोन बहिणींची लग्ने केली, अल्लाह त्यांना जन्नत देवो. पण आयुष्याची बावीस वर्षे जिथे गेली, त्या गावाबद्दल सांगायला त्यांच्याकडे दोन वाक्ये होती.

खर्चाचे कारण मला सांगू नका. 828 मीटर उंचीच्या बुर्ज खलिफावर चढायचे तिकीट महाग आहे, मान्य. पण मी गेलो तेव्हा देऱ्याहून बर दुबईला नेणाऱ्या अब्रा नावेचे भाडे एक दिरहम होते. आपण टपरीवर करक चहाला तेवढे देतो. पलीकडे अल फहिदीच्या गल्ल्यांत चालायला तर काहीच लागत नाही. तिथली जुनी घरे इराणच्या किनाऱ्यावरून आलेल्या व्यापाऱ्यांनी बांधली. छपरावरचे चौकोनी मनोरे वरचा वारा पकडून खाली खोलीत सोडतात. वीज नसतानाचा तो एसी! शेजारी 1787च्या सुमाराचा किल्ला. मागे वळून पाहिले की देऱ्याच्या धक्क्यावर माल भरणारी लाकडी गलबते. आपल्या कोकणच्या माणसाला ती परकी वाटूच शकत नाहीत.

आणि ती परकी नाहीतच. आखातातले मोती विकायला मुंबईला येत. 1966 पर्यंत इथे रुपया चालत होता. 1959 पासून तर आपल्या रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या होत्या. म्हणजे आपण उपऱ्यासारखे मान खाली घालून ज्या शहरात वावरतो, त्याच्याशी आपला व्यवहार तेल सापडण्याआधीपासूनचा आहे. हे मॉलमध्ये कळत नाही, खाडीकाठी कळते.

सर्वांत मोठा विनोद म्हणजे इब्न बतूता मॉल. आपली माणसे तिथे थंड हवेसाठी जातात, फोटो काढतात, स्टेटसला टाकतात. ज्याचे नाव दारावर आहे तो कोण, हे विचारत नाहीत. 1325 मध्ये टँजियरहून निघालेला हा माणूस दिल्लीत काझी होता, मालदीवमध्येही काझी होता. नोकरी करत करत त्याने जग पाहिले आणि परतल्यावर सांगितले. त्याला कोणी म्हटले नाही की तू कमवायला आलास. जमिनीवर फिरा आणि पाहा, हे कुरआन पुन्हा पुन्हा सांगते. आपण ते जुम्म्याच्या बयानात ऐकतो आणि खोलीवर येऊन झोपतो.

ज्यांना सुट्टीच मिळत नाही, ज्यांचा पासपोर्ट मालकाने दाबून ठेवलाय, एजंटचे कर्ज ज्यांच्या उरावर आहे, त्यांना मी बोलत नाही. तो दोष त्यांचा नाही. मी बोलतोय माझ्यासारख्यांना, ज्यांच्याकडे आठवड्याची सुट्टी आहे आणि जे ती मोबाइलवर घालवतात. आणि बोलतोय गावातल्या वडीलधाऱ्यांना, ज्यांना मुलाने खाडीकाठचा फोटो पाठवला की पहिला प्रश्न सुचतो, "पैसे उडवतोस काय रे?"

आता मी गावी परतलोय. दरवर्षी एखादा जुना विद्यार्थी व्हिसा आला म्हणून सलाम करायला येतो. मी त्याला सांगतो, बाळा, पहिला पगार आईला पाठव. पण पहिल्या सुट्टीला एक दिरहम खिशात ठेव आणि अब्रात बस. परत आलास की मला फक्त पगार सांगू नकोस, शहर सांग.