साठ वर्षांच्या गाडीला टायर मिळतो, चार वर्षांच्या स्कूटरला कंट्रोलर नाही

परवा रात्री मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला. वरून उघडी, मागं पंखासारख्या शेपट्या असलेली एक जुनी मोटार उतारावरून सरळ तळ्यात शिरते. बुडत नाही. होडीसारखी निघून जाते. आत बसलेले आजी-आजोबा हात हलवतात. ज्यांनी पाठवला त्यांनी खाली हसणारे चेहरे टाकले होते. मला काही हसू आलं नाही. माझी स्कूटर तेव्हा अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. चौदा महिने झाले, तशीच उभी आहे.

आधी गाडीचं सांगतो, मग स्कूटरवर येतो.

या गाडीचं नाव अँफिकार ७७०. पाण्यात ताशी ७ मैल, रस्त्यावर ७० मैल, म्हणून ७७०. १९६१ ते १९६५ या काळात पश्चिम जर्मनीत बनली. हान्स ट्रिपेल नावाच्या माणसाची कल्पना. सगळ्या मिळून ३,८७८ गाड्या निघाल्या, त्यातल्या बहुतेक अमेरिकेत गेल्या. अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्याकडंही एक होती. पाहुण्यांना बसवायचे, उतारावर आले की "ब्रेक लागत नाहीत!" म्हणून ओरडायचे आणि गाडी तलावात घालायचे. पाहुण्यांची पाचावर धारण बसायची.

धंदा म्हणून गाडी आपटली. कारखाना बंद पडला. अमेरिकेत सुरक्षेचे आणि धुराचे नियम कडक झाले, तो बाजारही गेला. आपल्या हिशेबानं ती १९७० पर्यंत भंगारात जायला हवी होती. पण आज साठ वर्षांनंतरही शेकडो गाड्या चालू आहेत. ऑर्लँडोत डिस्ने स्प्रिंग्ज इथल्या एका रेस्टॉरंटनं २०१५ साली त्यातून पैसे घेऊन फेऱ्या सुरू केल्या. हे कसं जमलं?

तीन कारणं आहेत.

पहिलं, इंजिन. ते खास या गाडीसाठी बनवलेलं नव्हतं. ब्रिटनच्या ट्रायम्फ हेराल्डचं ११४७ सीसी इंजिन उचलून मागं बसवलं होतं. त्याच घराण्यातलं ९४८ सीसी इंजिन आपल्याकडं मद्रासला बनणाऱ्या स्टँडर्ड हेराल्डमध्ये होतं, जुन्या लोकांना आठवेल. इंजिन हजारो गाड्यांत गेलेलं, म्हणून त्याचे पार्ट आणि त्याचे मिस्त्री दोन्ही टिकले.

दुसरं, साठा. कारखाना बंद झाल्यावर उरलेला माल कॅलिफोर्नियातल्या गॉर्डन इम्पोर्ट्सनं विकत घेतला. या गाडीत रबराचं सील ही जिवाची गोष्ट आहे. दाराला दुहेरी सील, पाण्यात जाण्याआधी दार घट्ट दाबून धरायला वेगळी मूठ, आत शिरलेलं पाणी उपसायला पंप. इंजिन कितीही ठणठणीत असू द्या, सील फाटलं की गाडी तळाला. तेव्हा हा माल किलोवर विकला गेला असता, तर आज यातली एकही गाडी पाण्यात उतरली नसती.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. टायर.

या गाडीला वेगळं सुकाणू नाही. पाण्यातही स्टिअरिंग फिरवायचं, पुढची चाकं वळतात आणि तीच सुकाणूचं काम करतात. आणि टायर नुसता साठवून भागत नाही. रबर गोडाऊनमध्ये पडल्या पडल्या म्हातारं होतं, कडक पडतं, भेगाळतं. १९६५ साली कोणी हजार टायर भरून ठेवले असते, तरी आज त्यातला एकही भरवशाचा नसता. म्हणजे कोणीतरी नवा टायर बनवायलाच हवा. आणि बनवतात. अमेरिकेतल्या चॅटनूगा गावची कोकर टायर ही १९५८ सालची कंपनी जुन्या गाड्यांच्या मापाचे टायर नव्यानं काढते.

त्यासाठी बंद पडलेल्या जर्मन कारखान्याच्या दारात जावं लागत नाही. टायरच्या कडेवर माप छापलेलं असतं, ६.४०-१३. रुंदी ६.४० इंच, रिम १३ इंच. अँबॅसिडरचा ५.९०-१५ आणि पद्मिनीचा ५.२०-१४ आपल्या जुन्या ड्रायव्हरांना अजून तोंडपाठ आहेत. माप उघडं आहे, म्हणून ज्याला बनवायचं त्यानं बनवावं. कंपनी मेली तरी गाडी मरत नाही.

आता माझी स्कूटर.

चार वर्षांपूर्वी बातम्यांसाठी गावोगाव फिरायला इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. कर्ज काढून. पेट्रोल वाचेल, पर्यावरण वाचेल, वर सरकारी सवलत. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण भांडण एका कंपनीशी नाही. कंट्रोलर गेला. शोरूमला गेलो तर तिथं मोबाईलच्या कव्हरचं दुकान. हेल्पलाइन वाजते, उचलत कोणी नाही. शेवटी चौकातल्या मिस्त्रीमामांकडं ढकलत नेली. मामांनी तासभर बघितलं आणि म्हणाले, "दादा, मोटर एक नंबर आहे. बॅटरीत पण जीव आहे. पण कंट्रोलरला कंपनीचं लॉक आहे. दुसरा टाकला तर बॅटरी त्याला वळखतच नाही."

ज्या मामांनी ल्यूना, राजदूत, जुने ट्रॅक्टर असं काय काय उठवून उभं केलं, त्यांनी हात टेकले. अक्कल कमी पडली म्हणून नाही. आत काय आहे ते बघायचीच बंदी आहे म्हणून. हप्ते मात्र वेळेवर कापले जातात. त्याला कसलं लॉक नाही.

मंडळी, हा तंत्रज्ञानाचा प्रश्न नाही, मालकीचा आहे. पैसे मी दिले, नोंदणी माझ्या नावावर, आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात. ही कसली मालकी?

सरकारनं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाईल, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं ठरली. डिसेंबर २०२२ मध्ये पोर्टल आलं. चांगलंच झालं. पण पोर्टलनं माहिती मिळते, पार्ट मिळत नाही. सक्तीचा कायदा हवा. युरोपात २०२१ पासून फ्रिजच्या दाराचं रबर कंपनीला १० वर्षं पुरवावं लागतं. साधं रबर! तिथल्या कायद्याला त्याची किंमत कळते.

आपल्याकडं २०२१ साली जुन्या गाड्यांसाठी नियम झाला. ५० वर्षं पूर्ण झालेल्या, मूळ रूपातल्या गाडीला वेगळा नंबर, नोंदणीला २० हजार रुपये. त्याच वर्षी भंगार धोरणही आलं. म्हणजे गाडी पन्नास वर्षं टिकली तर सरकार तिला मान देणार. पण ती टिकवायची कशानं? पार्ट कोण देणार?

काही जण म्हणतील, कंपन्यांचा खर्च वाढेल, वस्तू महाग होतील. होऊ द्या थोड्या महाग. चार वर्षांत फेकावी लागणारी स्वस्त वस्तू मला किती महाग पडली ते माझ्या पासबुकात लिहिलंय. कोणी म्हणेल, अँफिकार हा श्रीमंतांचा शौक, त्याचा आपल्याशी काय संबंध? संबंध एवढाच, की शौकाच्या गाडीला जे मिळतं ते पोटाच्या गाडीला मिळत नाही. दूध घालणारा, फवारणीला जाणारा, शिकवणीला जाणारी मुलगी यांच्या गाड्या अंगणात उभ्या आहेत.

आणि अँफिकारचे मालक नशीबवान होते. कोणीतरी साठा उचलला म्हणून वाचले. आपण नशिबावर किती दिवस बसायचं?

म्हणून मागण्या तीनच. एक, विक्री बंद झाल्यावरही पार्ट किमान १० वर्षं मिळालेच पाहिजेत, आणि त्यांचे दर जाहीर हवेत. दोन, कंपनी बंद पडली तर नकाशे आणि सॉफ्टवेअरची किल्ली सरकारजमा व्हावी आणि ज्याला पार्ट बनवायचे त्याला खुली व्हावी. तीन, जिथं जनतेच्या पैशातून सवलत दिली जाते, तिथं कंपनीकडून आधी अनामत घ्यावी. शटर पडल्यावर कागदावरच्या अटी कोणाच्या दारात नेऊन मागायच्या?

आमदार-खासदार दिवाळीच्या शुभेच्छा द्यायला येतील तेव्हा त्यांना हे विचारा. आणि नवीन गाडी घ्यायला गेलात तर मायलेजच्या आधी एक प्रश्न करा : "उद्या तुम्ही नसलात, तर ही आमच्या चौकातल्या मिस्त्रीला उघडता येईल का?"

सेल्समन गप्प बसला, तर उठून या.