ताल सर्वांचा, भार ज्याचा त्याचा

एका खोलीत वीस जण जोरजोराने पायडल मारीत आहेत, पण एकही सायकल तसूभर पुढे सरकत नाही! शहरांतील व्यायामशाळांत हे दृश्य आता नेहमीचे झाले आहे. अमेरिकेत या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत सायकलची एक शर्यत होते. तिच्या तयारीसाठी जॉनी गोल्डबर्ग याने १९८०च्या दशकात अशी जागेवरची सायकल बनवली आणि त्यातून हा सामूहिक व्यायाम पसरला. आपल्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली हीच सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत जोडीने पूर्ण केली.

दमसास वाढवणारा हा व्यायाम शाळेत असावा का? माझ्या मते अवश्य असावा, पण दोन अटींवर.

पहिली अट भाराची. शक्ती म्हणजे बल आणि वेग यांचा गुणाकार. या सायकलच्या जड चाकावरचा ब्रेक नॉब फिरवून घट्ट किंवा सैल करता येतो. दोघे मिनिटाला ८० फेरे मारीत असले, तरी एकाची शक्ती १५० वॅट तर दुसऱ्याची ६० वॅट असू शकते. म्हणून "सर्वांनी ब्रेक आणखी घट्ट करा" हा हुकूम चुकीचा आहे. हृदय बळकट होणे, स्नायूंत केशवाहिन्यांचे जाळे दाट होणे, पेशींतील तंतुकणिका वाढणे, हे सारे आठवडेच्या आठवडे सोसेल एवढ्या भाराने घडते. प्रथम दहा मिनिटे हलके चालवावे. नंतर दोन मिनिटे जोर आणि तीन मिनिटे सैल, असे पाच वेळा करावे. शेवटी पाच मिनिटे पुन्हा हलके. हलक्या वेळी एक पूर्ण वाक्य सलग बोलता येत नसेल, तर भार जास्त आहे असे समजावे. ब्रेक सैल करण्यात कमीपणा कसला?

दुसरी अट हवेची. शरीर खर्च केलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम चौथा हिस्सा कार्यात बदलते. बाकीची उष्णता होते. म्हणजे १०० वॅट शक्तीमागे सुमारे ३०० वॅट उष्णता. वीस जणांची मिळून झाली ६००० वॅट. जणू १००० वॅटच्या सहा शेगड्या! रस्त्यावर वाऱ्याने घाम सुकतो आणि एक ग्रॅम घाम सुकताना सुमारे २४०० ज्यूल उष्णता घेऊन जातो. कोंदट खोलीत तो नुसता निथळतो, आणि निथळलेला घाम शरीर थंड करीत नाही. आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो. अशा दिवसांत पत्र्याखालच्या बंद खोलीत हा व्यायाम घेणे धोक्याचे आहे. सकाळची वेळ, मोकळा व्हरांडा आणि पिण्याचे पाणी हवेच.

शाळेत अशी सायकल नाही? हरकत नाही. रोज सायकलने शाळेत येणाऱ्याला रस्ता, चढ आणि समोरचा वारा हाच भार फुकट देतात. रोज सकाळी उठल्याबरोबर आपली नाडी मोजा आणि सहा आठवडे वहीत नोंद ठेवा. तुलना मात्र शेजाऱ्याच्या आकड्याशी नको, आपल्याच कालच्या आकड्याशी करा.