आधी ‘कधी’, मग ‘का’

कारंजा लाडला गुरुमंदिरात दर्शन घेऊन आम्ही परत निघालो होतो. 2025 च्या ऑक्टोबरातली दुपार. ऊन मी म्हणत होते. धनजजवळ माझी 2004 सालची गाडी, कुणी किल्ली फिरवून बंद करावी तशी, एकाएकी गप्प झाली. समृद्धी महामार्ग याच कारंजा तालुक्यातून जातो. पण तीन महिने अशी अवचित रुसणारी गाडी तिथे घालण्याची छाती नव्हती, म्हणून जुनाच रस्ता धरला होता. कडेला सोयाबीन वाळत पडले होते. पत्नी काही बोलली नाही, पण तिच्या न बोलण्यात ‘विका आता ही गाडी’ हे वाक्य मला स्पष्ट ऐकू आले.

या तीन महिन्यांत तीन गॅरेजे झाली होती. पहिल्याने बॅटरी बदलली, दुसऱ्याने प्लग. तिसऱ्याने टाकी धुतली आणि निदान सांगितले, ‘साहेब, पेट्रोलच तसं येतंय आता. ई-20.’ मला ते लगेच पटले. ऑगस्टपासून जिकडे तिकडे तोच विषय होता. शिवाय गाडीचा हा आजार लबाड. अर्ध्या तासाने ती आपली आपण सुरू व्हायची आणि गॅरेजात नेली की शहाण्या मुलासारखी चालायची.

धनजचा मिस्त्री तिशीतला. मी त्याला पेट्रोलची कथा ऐकवू लागलो, तर त्याने हात वर केला. ‘काका, काहून बंद पडते थे मंग पाहू. पयले कवा पडते थे सांगा.’ थंड असताना की तापल्यावर? उभी असताना की पळताना? टाकी भरलेली असते की तळाला आलेली? आचके देत बंद पडते की एकदम? आचके देत, खोकत बंद पडली तर इंधन अपुरे पडत असण्याचा संभव जास्त. दिवा विझावा तशी पडली तर विजेच्या बाजूचा संशय आधी घ्यायचा. तीन महिने गाडी माझ्या हाताखाली होती आणि यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे मला देता येईनात.

गाडी थंडावून सुरू झाली, तरी त्याने ती सोडली नाही. पुन्हा बंद पडेपर्यंत तशीच चालू ठेवली. सुरू असलेल्या गाडीत बिघाड सापडत नाही, बंद असतानाच तो सापडतो. ती बंद पडताच त्याने किल्ली फिरवून मागच्या सीटखाली कान लावला; पेट्रोलचा पंप दोन सेकंद गुणगुणला. म्हणजे पंपाला वीज मिळत होती. प्लगला ठिणगी मात्र नव्हती. फ्यूज, रिले आणि इंजिनाची अर्थिंगची वायर त्याने तपासली, सारे ठीक. मग इंजिनाच्या खालच्या अंगाला असलेल्या एका सेन्सरवर ओले फडके ठेवले आणि दहा मिनिटांत गाडी सुरू झाली. इंजिनाचा दांडा फिरताना कुठल्या जागी आहे हे गाडीच्या संगणकाला कळवणारा हा क्रँक सेन्सर. तो जुना झाला की तापल्यावर मुका होतो, निवला की पुन्हा बोलू लागतो. त्याचा निरोप आला नाही की संगणक ठिणगीही देत नाही आणि पेट्रोलही सोडत नाही. नवा सेन्सर कारंजाहून मागवला. पेट्रोलचा काही संबंध नव्हता.

पण गोष्ट इथे संपत नाही. त्याने पेट्रोलची रबरी नळी काढून दाखवली. ती मऊ पडून फुगली होती. फिल्टरमध्ये गंजाचा गाळ होता. ‘हे पेट्रोलानं झालं का वयानं?’ मी विचारले. तो म्हणाला, ‘थे मले नाई सांगता येत, काका. दोन्ही बदला.’

ई-20 वरच्या साऱ्या वादात इतके प्रामाणिक वाक्य मी ऐकले नव्हते. एक पक्ष म्हणतो, गाड्या बिघडतात त्या इथेनॉलमुळेच. दुसरा म्हणतो, इथेनॉलमुळे काहीच बिघडत नाही, हा सारा अपप्रचार आहे. ‘कधी’ हा प्रश्न कुणीच विचारत नाही.

जे ठाऊक आहे ते असे. देशात इथेनॉल मिसळायला 2003 साली सुरुवात झाली. जून 2022 मध्ये प्रमाण 10 टक्क्यांवर गेले. 20 टक्क्यांसाठी आधी 2030 हे साल ठरले होते. ते अलीकडे ओढले गेले आणि 2025 मध्ये देशभर ई-20 हेच साधे पेट्रोल झाले. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते, तेव्हा मायलेज थोडे घटणारच. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालाने जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी ही घट 6 ते 7 टक्के धरली होती. इथेनॉल पाणी ओढून घेते, जुन्या टाकीतला साचलेला मळ सोडवते आणि काही प्रकारचे रबर मऊ करते. पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट 2025 मध्ये मान्य केले, की काही जुन्या गाड्यांत 20 ते 30 हजार किलोमीटरनंतर रबराचे भाग बदलावे लागतील. पण ते काम स्वस्त आणि सोपे आहे.

स्वस्त कुणाला, हा प्रश्न राहतोच. जुनी गाडी हा खेड्यात शौक नसतो. पेशंटला अमरावतीला किंवा अकोल्याला न्यायला ती असते. त्याहून जास्त आहेत एप्रिल 2020 च्या आधीच्या कार्बुरेटरच्या मोटारसायकली. इंधन बदलले तर मिश्रण आपोआप जुळवून घेणारा संगणक त्यांच्यात नाही.

बँकेत असताना संध्याकाळी रोकड जुळली नाही की पहिला संशय नव्या कॅशियरवर जायचा. बहुतेकदा फरक निघायचा एखाद्या जुन्याच माणसाच्या व्हाउचरमध्ये. आकडे उलटसुलट पडलेले असायचे. ते शोधायला प्रत्येक व्हाउचर हातात घ्यावे लागे. आवाज चढवून फरक सापडत नसे. इतकी वर्षे तो धडा गिरवूनही मी गाडीच्या बाबतीत नव्या पेट्रोलवरच बोट ठेवले.

मात्र नवा कॅशियर निर्दोष निघाला म्हणून त्याची रोकड मोजायचीच नाही, असेही नव्हे. सप्टेंबर 2021 मध्ये ब्रिटनने 10 टक्के इथेनॉलचे पेट्रोल रूढ केले, तेव्हा जुन्या गाड्यांसाठी 5 टक्क्यांचे पेट्रोल महागड्या प्रतीत का होईना, चालू ठेवले. अमेरिकेत 15 टक्क्यांच्या पंपावर 2001 च्या आधीच्या गाड्यांनी हे घेऊ नये, अशी पट्टी लावलेली असते. आपल्याकडे अशा पर्यायाची आणि पाटीची मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2025 रोजी फेटाळली. न्यायालयाने फेटाळले म्हणून सरकारला ते करण्याची बंदी नाही.

कडेला वाळणाऱ्या सोयाबीनचाही या पेट्रोलशी संबंध आहे. इथेनॉलसाठी आता सर्वात जास्त वापरला जातो तो मका. इथेनॉल काढल्यावर उरणारा मक्याचा चोथा कोंबड्यांच्या खाद्यात जातो आणि सोयाबीनच्या पेंडीची जागा घेतो. 2024-25 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4892 रुपये होता आणि बाजारात भाव त्याखाली राहिला. मक्याचा शेतकरी सुखावला, सोयाबीनचा खचला. पण इथेही सारा दोष चोथ्यावर टाकून चालणार नाही. जगातले पडलेले भाव आहेत, खाद्यतेलाची आयात आहे. कुठल्या कारणाचा वाटा किती, हे मोजूनच सांगावे लागेल.

ते मोजणे अशक्य नाही. जुन्या गाड्यांचे पंप, नळ्या, फिल्टर कधी आणि किती बदलले जातात याच्या नोंदी सर्व्हिस सेंटरांकडे असतात. गाडीच्या सालानुसार त्या गोळा करून दरवर्षी लोकांपुढे ठेवता येतील. पंपावर टक्केवारी लिहिता येईल. काही वर्षे तरी जुन्या गाड्यांसाठी एक वेगळी नळी ठेवता येईल. मग इथेनॉल निर्दोष ठरले तर उत्तमच. परकीय चलन वाचते ते कुणाला नको आहे?

निघताना मिस्त्रीने मला एक काम सांगितले. गाडीच्या कप्प्यात वही ठेवायची आणि पुन्हा बंद पडलीच तर तारीख, वेळ, ऊन, टाकीतले पेट्रोल, सारे लिहायचे. मी वही ठेवली आहे. अशीच एक वही दिल्लीतही कुणी ठेवली, तर धनजच्या त्या माणसाचे माझ्याइतकेच देशावरही उपकार होतील.