खिडकीतून टाकलेला रुमाल

गणपतीच्या तोंडावर पनवेलच्या एसटी स्थानकात कोकणची गाडी लागली, की दार उघडायच्या आधी खिडक्यांतून रुमाल, पिशव्या, कधी एखादं पोरही आत जातं. गाडीत माणूस नाही, पण जागा भरलेली. डेटाबेस सर्व्हर असाच ‘फुल्ल’ होतो.

परवा एका ओळखीच्या दुकानात ऐन गर्दीत बिलिंग अडलं. सर्व्हर मायएसक्यूएलचा. त्याला मुळात १५१ जोडण्या चालतात, वर एक प्रशासकासाठी राखीव, कंडक्टरच्या सीटसारखी. (बिलिंगच्या प्रोग्रामलाही रूटचाच पासवर्ड देणारे महाभाग ही सीटसुद्धा घालवून बसतात.) त्या जागेवरून आत शिरून ‘शो प्रोसेसलिस्ट’ पाहिली, तर ओळीने ‘स्लीप’, ‘स्लीप’. काम झाल्यावर जोडणी सोडायची, हे प्रोग्राम लिहिणारा विसरला होता. आणि मूळ सेटिंगप्रमाणे सर्व्हर झोपलेल्याला बाहेर काढतो २८,८०० सेकंदांनी. आठ तास! तोवर आपली गाडी रत्नागिरी गाठेल.

‘रोज रात्री सगळ्यांना किल करा’ हा सल्ला फुकट मिळतो. मला तो पटत नाही. नुसता झोपलेला जागा अडवतो, थोडी मेमरी खातो. खरा छळतो तो व्यवहार अर्धवट टाकून गप्प बसलेला. पोस्टग्रेसमध्ये त्याला ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ म्हणतात. त्याने धरलेल्या लॉकमागे रांग लागते, व्हॅक्यूमला मेलेल्या ओळी उचलता येत नाहीत. त्याला मुदत घालायची सोय २०१६च्या ९.६ आवृत्तीत आली. नुसत्या रिकामटेकड्यांसाठीची यायला २०२१ साल उजाडलं. आधी कोणाला उठवायचं, हे त्या मंडळींना कळत होतं.

उधळलेल्या क्वेरीचं वेगळंच. मायएसक्यूएलमध्ये ‘किल क्वेरी’ म्हटलं की काम थांबतं, जोडणी राहते. पण तासभर लाखो ओळी बदलत बसलेली क्वेरी मारली, तर केलेलं सगळं आधी उलटं फिरवावं लागतं. वैतागून सर्व्हर रीस्टार्ट करू नका. उठल्यावर तो उरलेलं रोलबॅक करतोच.

दुकानदार म्हणाला, “साहेब, ते योट्टाचं डेटा सेंटर आहे ना आपल्या पनवेलजवळ, तिथे हलवू या का?” २०२० साली सुरू झालेलं, ७,२०० रॅकचं. म्हटलं, गाडी मोठी होईल, रुमालही वाढतील.

झोपलेल्यांची ती आठ तासांची मुदत दहा मिनिटांवर आणली. ती नव्या जोडण्यांनाच लागते, म्हणून जुन्यांना एकेक करून हाताने उठवलं. प्रोग्राममध्ये दोनच ओळींची दुरुस्ती आहे, पण तो लिहिणारा गणपतीला गावी गेलाय.