मामूल

कावेरी आणि अरसलार या दोन प्रवाहांमध्ये वसलेल्या कुंभकोणम् नगरीत मराठी माणसाने प्रथमच पाऊल टाकले, तरी गोपुरांच्या उंचीने आणि तमिळ अक्षरांच्या वळणाने मनावर आलेला परकेपणा तेथल्या बाजारातले बोलणे कानांवर पडू लागताच काहीसा विरघळतो. कारण तंजावरच्या भोसल्यांचा पावणेदोनशे वर्षांचा वावर, अर्काटच्या नवाबाचा दरारा आणि मागाहून आलेली कंपनी सरकारची कचेरी या तिहींनी मिळून वसूल, किस्त, जमाबंदी, तालुका, शिरस्तेदार असे कितीतरी शब्द त्या भूमीत पेरून ठेवले आहेत. त्यांतलाच एक शब्द 'मामूल'. आपल्या जुन्या दप्तरांत मामूल म्हणजे पूर्वापार चालत आलेली वहिवाट. वतनाचा तंटा उभा राहिला की मामूल काय आहे याची चौकशी प्रथम होई. तमिळ मुलुखात आज तोच शब्द फेरीवाल्याच्या आणि दुकानदाराच्या तोंडी निराळ्या अर्थाने येतो. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या माणसाच्या हातावर, मग तो गल्लीतला दांडगा असो वा चौकीवरचा शिपाई, निमूटपणे ठेवावयाची रक्कम म्हणजे मामूल. मुंबई जिला हप्ता म्हणते तीच ही.

भीतीपोटी दिलेल्या पैशाला लोकांनी 'वहिवाट' हे नाव द्यावे, यात त्या व्यवस्थेचे सारे बळ साठवलेले आहे. ज्याला आपण गुन्हा म्हणतो तो वर्षानुवर्षे नियमाने घडत राहिला, त्याचे दर ठरले, त्याचे वार ठरले आणि तो चुकविणाऱ्यास काय भोगावे लागते हेही सर्वांस ठाऊक झाले, म्हणजे तो गुन्हा न राहता एक प्रकारचा अंमल होतो. शहरांतील टोळ्या केवळ लुटतात असे नसून त्या राज्य करतात, कर घेतात, तंटे तोडतात, प्रसंगी चोराला शासनही करतात, हा विचार गेल्या चाळीस वर्षांत जगभरच्या विद्यापीठांतून गांभीर्याने मांडला जात आहे. दिएगो गाम्बेत्ता या अभ्यासकाने १९९३ साली सिसिलीच्या माफियाविषयी लिहिताना संरक्षण हीच त्या मंडळींची विक्रीची वस्तू असल्याचे दाखवून दिले. त्याच्याही आधी, १९८५ साली, चार्ल्स टिली या इतिहासकाराने युरोपातील राज्यांची उभारणी आणि संघटित गुन्हेगारी यांचे नाते उलगडून विद्वानांना अस्वस्थ केले होते.

ही अस्वस्थता मराठी वाचकाच्याही वाट्याला यावी, असे मला मनापासून वाटते. 'खंडणी' या शब्दाचा प्रवास पाहा. ऐतिहासिक कागदपत्रांत ती मांडलिकाने द्यावयाची रीतसर रक्कम आहे. आजच्या वर्तमानपत्रात ती बांधकाम व्यावसायिकाला दूरध्वनीवरून दिलेली धमकी आहे. म्हणून चौथाई घेणारे राज्य आणि हप्ता घेणारी टोळी यांत अंतरच नाही असे कोणी म्हणू लागला, तर ते मला मान्य नाही. अंतर आहे, आणि ते दोन लहानशा गोष्टींत आहे: घेतलेल्या पैशाची पावती मिळते की नाही, आणि घेणाऱ्याविरुद्ध दाद मागावयास दुसरे दार उघडे आहे की नाही. ज्या राज्यात पावती हरवते आणि दाद मागण्याचा खर्च मूळ नुकसानीहून अधिक होतो, ते राज्य आपल्याही नकळत त्या अंतराची भिंत पाडीत असते.

कावेरीच्या खोऱ्याला हा प्रश्न नवा नाही. तंजावर, मदुरा, तिरुनेलवेली या प्रांतांत पूर्वी 'पाडिकावल' नावाची व्यवस्था होती. गावाने कावलकाराला धान्याचा वाटा द्यावा. त्याने गुरे, पिके आणि रस्ते राखावेत. चोरी झालीच तर माल शोधून द्यावा किंवा भरपाई करावी. वाटा नाकारणाऱ्या गावाची जनावरे मात्र रात्रीतून नाहीशी होत आणि त्यांचा ठावठिकाणा सांगण्याची मजुरी वेगळी मोजावी लागे. तिला 'तुप्पुक्कूलि' म्हणत. राखणदार कोण आणि भय कोणाचे, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर पुष्कळदा एकच निघे. आपल्याकडे रामोशांच्या रखवालीच्या हक्कांचा इतिहास ज्याने वाचला आहे त्याला ही कथा ओळखीची वाटेल. पुदुकोट्टईच्या तोंडैमान राजघराण्याचा उगम अशाच कल्लर जातीच्या राखणदारांत आहे, आणि अभ्यासक निकोलस डर्क्स यांनी १९८७ साली त्या संस्थानावर लिहिलेल्या ग्रंथात रखवालीच्या हक्कापासून राजत्वापर्यंतची ही वाट बारकाईने रेखाटली आहे.

इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हे हक्क काढून घेतले, परंतु त्यांवर जगणाऱ्यांस दुसरी उपजीविका दिली नाही. आणि पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा विस्तार १९११ साली मद्रास इलाख्यात करून त्याच लोकांच्या गावेच्या गावे जन्मतः गुन्हेगार ठरविली. ३ एप्रिल १९२० रोजी पेरुंगामनल्लूर येथे या कायद्याच्या सक्तीला विरोध करणाऱ्या कल्लरांवर पोलिसांनी गोळीबार केला. तो कायदा देशभरातून जाण्यास १९५२ साल उजाडावे लागले. याची आठवण मी मुद्दाम देतो. कारण शहरातील टोळ्यांची चर्चा निघाली की अमुक जातीचे, अमुक वस्तीचे, अमुक भाषेचे लोकच तसे, असे म्हणून मोकळे होण्याची आपली सवय अजून गेलेली नाही. गुन्हा रक्तात शोधणाऱ्याला व्यवस्थेतील दोष कधीच दिसत नाही.

भाषेच्या बाबतीत तर मुंबईचे उदाहरण आपल्या अंगणातले आहे. तमिळ मुलुखातून येऊन बोरीबंदरावर हमाली करणारा वरदराजन मुदलियार हातभट्टीच्या धंद्यातून वर चढला आणि धारावी, माटुंगा, अँटॉप हिल या भागांत जवळजवळ दरबार भरवू लागला. माटुंग्याचा त्याचा गणपती शहरभर गाजला. त्याच्याकडे फिर्याद घेऊन जाणारे लोक दुष्ट नव्हते. झोपडीचा कागद नाही, चौकीवरची भाषा येत नाही, न्यायालयाची तारीख वर्षांनी लागते, अशा माणसाला दोन घटकांत निकाल देणारा कोणीही न्यायाधीशच वाटणार. वरदराजन १९८८ साली मद्रासेत वारला. त्याचा दरबार मोडला, पण दरबाराची गरज मोडली नाही. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकामागून एक थंडावत गेले आणि त्याच गिरणगावातून, दगडी चाळीतून, अरुण गवळी पुढे आला. त्याने स्वतःचा पक्ष काढला, २००४ साली चिंचपोकळीतून तो विधानसभेवर निवडून गेला, आणि २०१२ साली एका नगरसेवकाच्या खुनाबद्दल त्याला जन्मठेप झाली. त्याला मते देणाऱ्या मराठी कामगारकुटुंबांना मी दोष देऊ इच्छीत नाही. त्यांच्या दारात त्या वीस वर्षांत दुसरे कोण आले होते, हे आधी विचारले पाहिजे.

येथवर वाचणाऱ्याचा असा ग्रह होईल की, जेथे सरकार पोचत नाही तेथे टोळी पोचते, आणि म्हणून सरकार पोचविले की काम झाले. मीही बरीच वर्षे असेच समजत होतो. कोलंबिया देशातील मेडेयिन शहराविषयी ब्लॅटमन, डंकन, लेसिंग आणि तोबोन या चौघा अभ्यासकांनी केलेल्या संशोधनाने हा समज ढळला. त्या शहरात वस्तीवस्तीवर टोळ्यांचे राज्य आहे, आणि त्या जी रक्कम वसूल करतात तिला लोक 'लस' या अर्थाचा शब्द वापरतात, जणू ती टोचून घेतली की पुढची बाधा टळते. १९८७ साली शहरातील विभागांच्या सीमा बदलल्यामुळे काही वस्त्या पोलिसांच्या व सरकारी यंत्रणेच्या जवळ आल्या, काही दूर गेल्या. तीन दशकांनंतर पाहता, सरकारच्या जवळ आलेल्या वस्त्यांत टोळ्यांचा कारभार घटलेला नव्हता. उलट वाढलेला होता, आणि तोही विशेषतः जेथे अमली पदार्थांच्या विक्रीतून मोठा लाभ होता तेथे. कारण उघड आहे. वस्ती शांत आणि आपल्याशी निष्ठावंत राहिली तर पोलिसांना आत येण्याचे निमित्त उरत नाही. म्हणून टोळी स्वतःच तंटे मिटविते, चोऱ्या थांबविते आणि मुख्य धंदा निर्वेध चालू ठेवते.

हा निष्कर्ष ध्यानात घेऊन तमिळनाडूकडे पाहिले म्हणजे पुष्कळ गोष्टी नव्याने दिसतात. तेथे 'कट्टप्पंचायत्तु' हा शब्द सर्वतोमुखी आहे. जमिनीचा, घरभाड्याचा, उसनवारीचा तंटा न्यायालयाबाहेर, एखाद्या दांडग्याच्या किंवा पक्षाच्या माणसाच्या बैठकीत, धाकाने आणि हिश्शाने मिटवावयाचा, हा त्याचा अर्थ. मद्रास उच्च न्यायालयाने या प्रकारावर अनेकदा कडक ताशेरे ओढले आहेत. ही बैठक निर्जन रानात भरत नाही. तालुका कचेरी, न्यायालय आणि पोलीस ठाणे यांच्या हाकेच्या अंतरावरच ती भरते. 'कंदुवट्टी', म्हणजे जबर व्याजाची सावकारी, हे तिचेच भावंड. ती थांबविण्यासाठी राज्याने २००३ साली स्वतंत्र कायदा केला. आणि तरीही २०१७ च्या ऑक्टोबरात तिरुनेलवेलीच्या कलेक्टर कचेरीच्या आवारात, सावकाराच्या जाचाविरुद्ध वारंवार अर्ज करून थकलेल्या एका मजूर कुटुंबाने, दोन लहान मुलींसह, स्वतःला जाळून घेतले. कायदा होता, कचेरी होती, अर्ज घेण्याचा वारही ठरलेला होता. नव्हती ती दाद.

म्हणून केवळ कडक कायद्यावर विसंबणाऱ्यांशी माझा मतभेद आहे. तमिळनाडूत १९८२ पासून गुंडांना विनाचौकशी वर्षभर स्थानबद्ध ठेवणारा कायदा आहे; महाराष्ट्राने १९९९ साली संघटित गुन्हेगारीविरुद्ध मोक्का आणला. त्यांनी माणसे आत जातात. बैठकीची जागा, तेथे येणारे गिऱ्हाईक आणि तिच्यावर हात ठेवणारा पुढारी बाहेरच राहतात, आणि रिकाम्या गादीवर बसण्यास दुसरा कोणी फार दिवस लावत नाही.

पुढाऱ्याचा हा हात तर आता आकड्यांनी सिद्ध झालेला आहे. मुंबईच्या बाँबस्फोटांनंतर नेमलेल्या व्होरा समितीने १९९३ सालीच टोळ्या, अधिकारी आणि राजकारणी यांच्या साखळीकडे, आणि तिच्या समांतर सत्तेकडे, बोट दाखविले होते. अभ्यासक मिलन वैष्णव यांनी २०१७ च्या आपल्या ग्रंथात दाखविले की, लोकसभेच्या निवडणुकांत खटले असलेल्या उमेदवारास निवडून येण्याची संधी शंभरात अठरा, तर निष्कलंकास सहा. मतदार फसतो असे ते मानीत नाहीत. निःपक्षपाती सरकार मिळण्याची आशा सोडलेला मतदार आपल्या बाजूने दांडगाई करणारा माणूस जाणूनबुजून निवडतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. २०२४ च्या लोकसभेत ५४३ पैकी २५१ सभासदांनी स्वतःवर फौजदारी खटले असल्याचे शपथेवर लिहून दिले. आणि या राजकारणाला लागणारा पैसा कोठून येतो? कुंभकोणम्‌च्या उत्तरेस थोड्या अंतरावर कोळ्ळिडम् नदीचे विस्तीर्ण वाळवंट आहे. राज्य सरकारने २००३ साली वाळूचा उपसा खाजगी हातांतून काढून आपल्या बांधकाम खात्याकडे घेतला. परंतु अर्थशास्त्रज्ञ जे. जयरंजन यांनी २०१९ साली लिहिले त्याप्रमाणे, कागदावर मक्ता सरकारचा झाला तरी खरा धंदा ठेकेदार आणि सत्ताधारी यांच्या जाळ्यातच राहिला.

अशा वेळी कुंभकोणम्‌मध्येच १८२८ साली मराठी घरात जन्मलेल्या एका पुरुषाची आठवण मला राहून राहून येते. सर टी. माधवराव हे त्रावणकोर आणि इंदूरची दिवाणगिरी करून १८७५ साली बडोद्यास गेले, तेव्हा तेथील वसुली सावकार आणि सरदार यांच्या हाती इजाऱ्याने गेलेली होती. त्यांच्यापाशी शस्त्रधारी माणसे होती आणि रयतेवर त्यांचा मन मानेल तसा जुलूम चाले. माधवरावांनी त्यांच्याकडील जमिनी सरकारजमा केल्या, फौजेचा फुगवटा उतरविला आणि कारभार पगारी नोकरांच्या हाती दिला. एकेका सरदाराला धाक घालून हे काम झाले नसते. ज्या कामापायी लोक सरदाराच्या दारी जात ते कामच त्यांनी सरकारच्या दारी आणले, आणि ज्या उत्पन्नावर सरदार पोसला जाई ते उत्पन्न तोडले. या दोन्ही गोष्टी एकदम केल्या पाहिजेत, हेच मेडेयिनचे संशोधनही निराळ्या भाषेत सांगते.

कुंभकोणम् २०२१ साली महानगरपालिका झाले, आणि २०२८ साली तेथे पुन्हा महामहम् भरेल. बारा वर्षांनी येणाऱ्या त्या स्नानपर्वणीला महामहम् तळ्याभोवती लाखोंची दाटी होते आणि वीतभर जागेलाही मोल येते. फेरीवाल्यांची पाहणी करून त्यांना विक्रीचा लेखी परवाना देण्याचा कायदा २०१४ सालीच झालेला आहे. पालिकेने आजच ती पाहणी हाती घेऊन पुरी करावी, जागेचा दर तळ्याच्या चारही अंगांस तमिळ पाट्यांवर लिहावा, वसुली करणाऱ्याचे नाव त्याखाली लिहावे, आणि तक्रार ऐकून त्याच दिवशी निकाल देणारा अंमलदार संध्याकाळी बाजारातच बसवावा. पर्वणीच्या दिवशी तळ्याच्या पायऱ्यांशी झेंडूची टोपली घेऊन बसलेल्या बाईच्या हातात पालिकेची पावती असावी, आणि पावतीवर छापलेल्या आकड्याहून एक पैसाही अधिक तिने कोणाला दिलेला नसावा.