सही नसलेली माफी

धाराशिव जिल्ह्यात निवडणूक आली की एक खटला हमखास प्रचारात उतरतो. ३ जून २००६ रोजी काँग्रेसचे नेते पवनराजे निंबाळकर आणि त्यांचे चालक यांची कळंबोलीजवळ गोळ्या घालून हत्या झाली. राज्याच्या पोलिसांवर भरवसा न उरल्याने कुटुंबीय उच्च न्यायालयात गेले आणि २००८ मध्ये तपास सीबीआयकडे आला. जून २००९ मध्ये सीबीआयने तेव्हाचे खासदार, अनेक वर्षे मंत्री राहिलेले आणि नात्याने पवनराजेंचे चुलतबंधू असलेले डॉ. पद्मसिंह पाटील यांना अटक केली. त्यांनी आरोप नाकारले आहेत, आणि आरोप म्हणजे दोष नव्हे. दोषी कोण, हे न्यायालयाने ठरवायचे; अग्रलेखाने नाही आणि सभेच्या व्यासपीठाने तर मुळीच नाही.

आमचा प्रश्न निकालाच्या अलीकडचा आहे. हत्या झाली तेव्हा गृहखाते पाटलांच्याच पक्षाकडे, राष्ट्रवादीकडे होते. पोलिसांवर कुणी दबाव आणला, असे आम्ही म्हणत नाही. पण घरचे माणूस गेलेल्यांना तपासासाठी उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते, यातच सारे आले. या खटल्यातले एक साक्षीदार, समाजसेवक अण्णा हजारे यांची साक्ष झाली ती २०१९ मध्ये, हत्येनंतर तेरा वर्षांनी. दरम्यान पवनराजेंचे पुत्र ओमराजे आमदार आणि मग खासदार झाले. पाटलांचे पुत्र राणाजगजितसिंह राष्ट्रवादीतून भाजपमध्ये गेले. झेंडे बदलत राहिले आणि लोक खटल्याकडे झेंड्याचा रंग बघूनच पाहू लागले. यात फिर्यादीचे नुकसान आहेच. आरोपी निर्दोष असेल तर त्याचेही तेवढेच.

अमेरिकेत डोनाल्ड ट्रम्प यांनी २० जानेवारी २०२५ रोजी, शपथ घेतली त्याच दिवशी, संसदेवरील हल्ल्याच्या प्रकरणातल्या सुमारे दीड हजार समर्थकांना शिक्षेतून वा खटल्यातून मोकळे केले. ते संतापजनक होते, पण खाली सही होती. जाब कुणाला विचारायचा ते कळत होते. आपल्याकडे मेहेरबानीला सही नसते. एखादे कलम कमी लागते, पंच फितूर होतो, आरोपपत्र मुदतीत दाखल होत नाही आणि जामिनाचा हक्क आपसूक मिळतो. वशिल्याला न्यायाधीशांपर्यंत जावेच लागत नाही. काम पोलीस ठाण्यातच उरकते. कळंब तालुक्यातला शेतकरी मात्र बांधाच्या वादात पहाटेची एसटी धरतो, भाकरीची पिशवी मांडीवर घेऊन कोर्टाच्या आवारात बसतो आणि संध्याकाळी पुढची तारीख घेऊन परततो. उशीर शेतकऱ्याच्या आणि वशिलेवाल्याच्या, दोघांच्याही वाट्याला येतो. एकाला तो पोखरतो, दुसऱ्याला पोसतो.

म्हणून फेब्रुवारी २०२५ मध्ये तामलवाडीत एमडी (मेफेड्रोन) पकडले गेले आणि तुळजापूरचे अमली पदार्थांचे प्रकरण उघडकीस आले, तेव्हा चौकाचौकांत पहिला प्रश्न ‘पुरावा काय?’ हा नव्हता. ‘कोण कुणाचा माणूस?’ हा होता.

कायद्याने काही दारे लावली आहेत. लोकप्रतिनिधींवरचे खटले उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०२१ रोजी बजावले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६० नुसार खटला मागे घेण्यापूर्वी पीडिताचे म्हणणे ऐकणे बंधनकारक आहे. पण जो खटला नुसता रेंगाळत ठेवता येतो, तो मागे कोण घेईल? उघडे आहे ते हे मागचे दार. राजकीय व्यक्ती आरोपी असलेल्या प्रत्येक प्रकरणात तपास अधिकारी किंवा सरकारी वकील बदलताना त्याचे कारण न्यायालयापुढे लेखी द्यावे. तारीख सरकार पक्षाने मागितली, तर ती कुणी आणि कशासाठी मागितली, हे दर तीन महिन्यांनी जाहीर करावे. ढील द्यायचीच असेल तर द्या. पण खाली नाव लिहा, हुद्दा लिहा आणि सही करा.